पासवर्ड मी बदलला होता

पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्याला टाके पडले. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, सगळ्यात मोठी केस कोणती? मी त्यांना दरोड्याची एखादी गोष्ट सांगतो, लोक खूश होतात. पण मनातून जी जात नाही ती केस अगदी किरकोळ होती. तिच्यात कुणाला ओरखडाही आला नव्हता, निदान कागदावर तरी. यात कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो आणि गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. सोमवार होता. हजेरी झाली होती, रात्रपाळीचे लोक घरी गेले होते आणि मी प्रलंबित गुन्ह्यांची यादी घेऊन बसलो होतो. बाराच्या सुमारास एका मुलींच्या शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका बोलत होत्या, पण त्यांचा आवाज इतका कापत होता की शेवटी फोन शाळेच्या शिपायानं घेतला. शाळेच्या ईमेलवर मजकूर आला होता. दुपारच्या सत्रात शाळेत स्फोट होणार.

पुढचे तीन तास काय झालं ते कुणालाही कल्पना करता येईल. परीक्षा चालू होती. हजारभर मुली पेपर टाकून मैदानात, तिथून रस्त्यावर. पालक दुचाक्या घेऊन धावत आलेले. बॉम्बशोधक पथक, श्वान, रुग्णवाहिका. एक मुलगी घाबरून बेशुद्ध पडली. सगळी शाळा, माळा, टाकी, प्रयोगशाळा तपासली. काही सापडलं नाही. संध्याकाळी मुख्याध्यापिकांची फिर्याद घेऊन गुन्हा दाखल केला. आयुक्तालयातून तोवर चार फोन येऊन गेले होते. शेवटच्या फोनवर साहेब एवढंच म्हणाले, "दोन दिवसांत माणूस पाहिजे."

ते दोन दिवस माझ्या डोक्यावर बसले. पुढे जे झालं त्याला सबब म्हणून मी हे सांगत नाही. पण घाईत असलेल्या पोलिसाला जे शोधायचं असतं तेच दिसतं, हे मी त्या आठवड्यात अनुभवलं.

धमकी ज्या खात्यावरून आली होती, ते खातं फार जुनं होतं. ज्या कंपनीचं होतं तिची सेवा आता कुणी नवीन माणूस घेत नाही. खात्याला एका मुलीचं नाव होतं आणि पुढे जन्मसाल. सोबत दिलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. आमच्या सायबर विभागातल्या पोरानं रात्रीतून पत्रव्यवहार केला आणि मंगळवारी दुपारी माहिती आली. मेल सोमवारी अकरा पन्नासला गेला होता, सात रस्त्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातल्या इंटरनेटवरून. हे दुकान पूर्वी सायबर कॅफे होतं. आता कोपऱ्यात दोनच संगणक राहिले होते, फॉर्म भरायला येणाऱ्यांसाठी. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट होती. हेच खातं अधूनमधून परराज्यातल्या एका शहरातूनही उघडलं जात होतं. ते वाचून माझे कान टवकारले. त्या शहरातली जोडणी कुणाच्या नावावर आहे, हे विचारणारं पत्र मी लगेच संबंधित कंपनीला पाठवलं.

दुकानदार घाबरला होता. येणाऱ्या माणसांची नोंदवही ठेवायची असते, ती त्यानं ठेवली नव्हती. कॅमेरा होता, तो तीन महिने बंद. त्याला काहीच आठवेना. खबर मिळाली ती दारासमोरच्या चहावाल्याकडून. माझा अनुभव असा, की रस्त्यावर काय चाललंय हे दुकानात बसलेल्याला कळत नाही, बाहेर उभं राहून काम करणाऱ्याला कळतं.

"साहेब, सोमवारी एक म्हातारी येती की," तो म्हणाला. "देवळातनं आली की सरळ हितं. कोपऱ्यातल्या मशीनवर बसती अर्धा तास. लई दिवस झालं, चार-पाच वर्षं तरी. कधी कधी रडत बाहेर येती."

"कुठं राहते?"

"ते न्हाय ठावं. पर रिक्षावाला ठरलेला हाय तिचा."

रिक्षावाल्यानं घर दाखवलं. मोठं घर होतं. नवरा धान्य आणि पेंडीचा व्यापारी, मुलगा त्याच धंद्यात, घरात बोलणं कन्नड. मी महिला हवालदाराला साध्या वेशात पाठवलं. ती अक्कलकोटकडची होती, तिला कन्नड चांगलं येत होतं. निरोप असा, की साहेबांना तुमच्याशी बोलायचंय, आम्ही घरी येतो. स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा नियमच आहे. त्या बाईनं दारातच हवालदाराचा हात धरला आणि म्हणाली, "घरी नको. मीच येते तितं. कुणाला सांगू नका."

हे ऐकल्यावर माझा संशय पक्का झाला. घरच्यांपासून लपवते आहे, म्हणजे लपवण्यासारखं आहे. बाईमाणूस घरच्यांपासून काय काय आणि का लपवतं, याचा विचार मी केला नाही.

बुधवारी सकाळी ती आली. साठीच्या आसपासची, ठेंगणी. इरकली लुगडं, कपाळावर भस्माची बारीक रेघ, हातात कापडी पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसली, जशी माणसं दवाखान्यात बसतात. मी खात्याचं नाव वाचून दाखवलं.

"हे तुमचं?"

"व्हय."

"हे नाव कुणाचं?"

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"सोमवारी दुकानात बसला होता?"

"व्हय."

"शाळेला काय पाठवलंत?"

"कुठली शाळा? मला पाठवायला येतच न्हाय हो साहेब."

"चार-पाच वर्षं खातं वापरता आणि पाठवता येत नाही?"

"न्हाय येत. वाचायला येतं. आणि खाली लिवायला."

मला ही थापच वाटली. पासवर्ड मागितला. तिनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मग सांगितला. सायबरच्या पोरानं खातं उघडलं. आलेल्या पत्रांत सगळ्या जाहिराती. पाठवलेल्या पत्रांत फक्त एक, शाळेला गेलेलं. पण ड्राफ्टमध्ये, म्हणजे लिहून न पाठवलेल्या मजकुरात, एक भलं लांब पत्र होतं. ते पाच वर्षांपासून वाढत आलं होतं. इंग्रजी अक्षरं, पण शब्द इंग्रजी नाहीत. दोन ओळी वर, एक ओळ खाली. मध्ये तारखा.

पोरगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सर, ही पद्धत आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. मेल पाठवायचाच नाही. दोघांनी एकच खातं उघडायचं, ड्राफ्टमध्ये लिहायचं. म्हणजे माग लागत नाही."

एका बाजूला परराज्यातलं शहर. दुसऱ्या बाजूला न पाठवलेली पत्रं, न समजणारी भाषा. बॉम्बची धमकी. मला वाटलं, आपल्या हाताला फार मोठं काहीतरी लागलंय. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला होता.

"दुसरा माणूस कोण आहे?" मी टेबलावर हात आपटला. "हे खातं दुसरीकडून कोण उघडतं?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"आजकाल शेंबडी पोरंसुद्धा नवीन ॲपवर बोलतात. हे असलं जुनाट खातं कोण वापरतं? ज्याला लपवायचंय तोच. सांगा, का वापरता?"

तिनं हात जोडले. "साहेब, मला जेलात घाला. पर ते विचारू नका."

तासभर मी विचारत राहिलो. आवाज चढवला, उतरवला, पाणी दिलं, पुन्हा चढवला. तिचं एकच. माझं चुकलं म्हणा, पण ते विचारू नका. खरा गुन्हेगार सहसा असं बोलत नाही. तो गुन्हा नाकारतो, माणसं सांगतो. ही गुन्हा अंगावर घ्यायला तयार होती आणि माणूस सांगत नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला तिथं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मी तिच्या नवऱ्याला फोन लावला, तिच्या समोर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

"तुमच्या पत्नी ठाण्यात आहेत. अमुक नावाच्या मुलीचं ईमेल खातं त्या गुपचूप वापरतात. ही मुलगी कोण?"

पलीकडून फोन बंद झाला.

बाईनं डोळे मिटून घेतले. ती रडली नाही. घाईत पोरानं त्या लांब पत्राच्या प्रती छापून काढल्या होत्या. पुरावा कुणी बदलू नये म्हणून त्यानं विचारलं, "सर, पासवर्ड बदलून ठेवू?" मी म्हणालो, "ठेव." पद्धत तीच होती. पंचनाम्यात तशी नोंद आहे, खाली माझी सही आहे.

छापलेले कागद मी महिला हवालदाराकडे दिले. "कन्नड वाटतंय. बघ काय सांकेतिक भाषा आहे."

ती उभ्यानं वाचू लागली. पहिलं पान, दुसरं पान. मग खाली बसली. तिसऱ्या पानावर तिनं कागद मांडीवर ठेवला.

"काय आहे?"

"साहेब, ह्यात काय बी न्हाय."

"म्हणजे?"

"लेकीनं लिवलंय, ‘ऊटा आतेन?’ जेवलीस का विचारलंय. आईनं खाली लिवलंय, जेवले. हितं लेक म्हणती, तुझ्यासारखी शेंगाचटणी जमत न्हाय. आई सांगती, दाणे मंद भाज." तिनं पान उलटलं. "सगळं असंच हाय, साहेब. पाच वर्षं."

हवालदार उठून बाईजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अळबेड्री, आक्का," म्हणाली. रडू नका. बाई तोवर रडत नव्हती. हे ऐकल्यावर रडू लागली.

मग हळूहळू सगळं कळलं. पोरीनं कॉलेजात असताना हे खातं काढलं होतं. परीक्षांचे फॉर्म भरायला आईला सोबत घेऊन जायची, तेव्हा गंमत म्हणून आईला शिकवलं. खातं कसं उघडायचं आणि एकच पान कसं वाचायचं. पुढे तिनं परसमाजातल्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं परराज्यात गेली. बापानं घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. भावानं तर आणखी काय काय सांगितलं होतं. आईच्या हातात घरचा मोबाइल होता, पण तो सुनेपासून नातवापर्यंत सगळे हाताळत. त्यात एक नवा नंबर आला असता तरी दुसऱ्या दिवशी चौकशी झाली असती. आईला एकच पान उघडता येत होतं आणि लेकीला ते ठाऊक होतं. मग लेक त्याच पानावर लिहू लागली. कुणाकडे कुणाचा नंबर नको, पत्ता नको. शहराचं नावसुद्धा आईला माहीत नव्हतं. "माहीत नसलं म्हणजे मारून बी सांगता येत न्हाय," ती म्हणाली.

म्हणून ते जुनं खातं.

हवालदारच पुढे म्हणाली, "साहेब, धमकी मराठीत हाय. चांगल्या मराठी टायपात. आक्काला येतं का बघा की." मी धमकीचा कागद पुन्हा वाचला. दोन दिवस मी तो वाचत होतो आणि मला तो दिसला नव्हता. त्याचा शेवट असा होता: ‘तरी दुपारच्या सत्रात स्फोट होणार असून याची नोंद घ्यावी, ही विनंती.’ धमकीत विनंती! ज्यानं आयुष्यभर कचेरीची पत्रं लिहिली आहेत त्याचाच हा हात. बाईंना मी संगणकासमोर बसवलं. त्यांना मराठी अक्षरं कशी उमटतात तेच ठाऊक नव्हतं. इंग्रजी अक्षरं एका बोटानं शोधत होत्या. आणि खातं बंद करून बाहेर पडायचं असतं, हेही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या फक्त खिडकी बंद करून उठायच्या. सोमवारी त्यांच्या मागून त्या खुर्चीवर जो बसला, त्याच्यासमोर ते खातं उघडंच होतं.

मी दुकानदाराला फोन करून एवढंच विचारलं, सोमवारी शाळेच्या कामाचे कागद घेऊन कुणी आलं होतं का. त्याला लगेच आठवलं. माणसाला विचारताना काय विचारायचं हे आधी आपल्याला कळावं लागतं.

एवढ्यात नवरा आणि मुलगा आले. नवरा उंच, पांढरी टोपी, स्वच्छ धोतर. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. मी उभा राहिलो. समजावू लागलो, की गैरसमज झाला, बाईंचा काही दोष नाही, दुसऱ्याच माणसानं हे केलंय. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"साहेब, तुमची केस तुमी बघा. आमाला मुलगी न्हाय."

मग बायकोला एक शब्द बोलला, "नडी." चल. मुलगा पायरीवर उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला बाजूला घेऊन ताकीद दिली, की आईला किंवा बहिणीला काही झालं तर तुला सोडणार नाही. तो म्हणाला, "काय न्हाय करत, साहेब." त्यानं खरोखरच काही केलं नाही. बाईंनी पिशवी उचलली, जाताना मला वाकून नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी खरा माणूस ताब्यात घेतला. शाळेतला कारकून, अकरा वर्षं हंगामी नोकरी. महिन्यापूर्वी कमी केलं होतं. अर्जावर अर्ज करत होता, त्याच अर्जांच्या झेरॉक्स काढायला तो दुकानात गेला होता. खोलीत बसवल्याबरोबर बोलायला लागला. "साहेब, ठरवून गेलो नव्हतो. अर्ज मेल करायला बसलो, तर समोर दुसऱ्याचं खातं उघडं. डोकं फिरलं." ‘ही विनंती’ का लिहिलंस, असं विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "सवय, साहेब." दोन दिवसांच्या आत माणूस मिळाला होता. गुरुवारी आयुक्तालयात पत्रकार परिषद झाली, वर्तमानपत्रांत माझा फोटो आला.

पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मी ही लिहिलीच नसती.

शुक्रवारी महिला हवालदारानं त्या सगळ्या पानांचं मराठी भाषांतर करून दिलं, केसपेपरला जोडायला. शेवटच्या पानावर लेकीनं लिहिलं होतं, की येत्या रविवारी आम्ही गाडीनं पुण्याला चाललोय. गाडी दुपारी सोलापूरला दहा मिनिटं थांबते. डब्याचा नंबर दिला होता. छोटी आता दोन वर्षांची झाली, तुला एकदा बघू दे, मी दारात उभी राहते. त्याखाली आईची सोमवारची एक ओळ होती. एकच शब्द. मी ते वाचलं, सही केली आणि कागद फायलीला लावला.

रविवारी शहरात मंत्र्यांचा दौरा होता. सगळं ठाणं बंदोबस्ताला. सकाळी नेमणुका वाटताना महिला हवालदार माझ्याजवळ आली.

"साहेब, अर्धा तास सुट्टी द्या."

"कशाला?"

"ती गाडी आज हाय. आक्काला घरातनं सोडत न्हायत, मी चौकशी केली. मी जाऊन लेकीला सांगते तरी, काय झालं ते. डबा ठावं हाय आपल्याला."

मी तिच्या हातातल्या काठीकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. दोन ठिकाणी माणसं कमी पडत होती, हे खरं आहे. पण अर्ध्या तासानं काही बिघडलं नसतं, हेही खरं आहे. मला त्या प्रकरणात पुन्हा पडायचं नव्हतं. तिथं गेलं की माझी चूक कबूल करावी लागणार होती, हवालदाराच्या तोंडून का होईना.

"आपण पोलीस आहोत," मी म्हणालो. "टपालवाले नाही. बंदोबस्ताला जा."

"व्हय साहेब," ती म्हणाली आणि गेली.

नंतर दोषारोपपत्र गेलं. माझी बदली झाली, दुसरा जिल्हा, दुसरी ठाणी, दुसरे गुन्हे. ते खातं पुरावा म्हणून तसंच कुलूपबंद राहिलं. ते परत देण्यासाठी कुणी अर्ज केला नाही. कोण करणार? अर्ज करायला हवा होता तो मीच, आणि मी तो केला नाही. पुढे, बरेच दिवस वापरात नाही म्हणून, कंपनीनं ते कायमचं बंद केलं. हे मला फार उशिरा कळलं.

बदलीनंतरची काही वर्षं मी सायबरचे गुन्हे पाहिले. जुनी खाती न सोडणारी खूप माणसं भेटली. निवृत्त मास्तर भेटले, त्यांच्या छापून घेतलेल्या कार्डांवर तो पत्ता होता आणि कार्डं संपायची होती. एक विधवा भेटली. खातं नवऱ्यानं काढून दिलेलं, पासवर्ड त्याच्या आवडीचा, रोज सकाळी तो टाइप करायला मिळतो म्हणून ती ते वापरत होती. टॉवेलचे एक कारखानदार म्हणाले, परदेशातलं एक गिऱ्हाईक वीस वर्षांपासून हाच पत्ता वापरतं, त्याला नवा कळवला तर ते कदाचित दुसरीकडे वळेल, अशी भीती वाटते. काहींचा निव्वळ आळस. पण बहुतेकांचं मूळ एकच निघायचं. कुणीतरी एक माणूस असतो, ज्याला फक्त तोच पत्ता ठाऊक असतो. कधी तो माणूस जिवंत नसतो, तरीही. सुरक्षिततेची व्याख्यानं देताना मी कधी लोकांना ‘जुनी खाती ताबडतोब बंद करा’ असं म्हणालो नाही. कारण विचारलं तर विषय बदलत असे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्या खटल्यात साक्षीचं समन्स आलं. निवृत्त झालो तरी साक्षी सुटत नाहीत. सोलापूरला आलो. महिला हवालदार भेटली, आता बढती झालेली. चहा पिताना तिनं सांगितलं, आक्का गेल्या. दीड वर्ष झालं. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला होता, त्यावरून तिला कळलं. "शेवटपर्यंत एकट्या कुठं गेल्या न्हायत, साहेब. सोमवारी देवळात बी सून संगं असायची."

दुपारी सरकारी वकिलांच्या खोलीत केसपेपर चाळायला घेतले. साक्षीआधी आठवण ताजी करावी लागते. त्यात एक पाकीट होतं. परराज्यातल्या त्या शहरात खातं कुणाच्या जोडणीवरून उघडलं जातं, हे मी विचारलं होतं, त्याचं उत्तर. आरोपी पकडल्यावर चार दिवसांनी आलेलं. त्यात नाव होतं, पत्ता होता, मोबाइल नंबर होता. वर माझ्याच अक्षरात शेरा: ‘तपासकामी आवश्यकता नाही.’

म्हणजे सगळा काळ तो नंबर माझ्या फायलीत पडून होता. आई जिवंत होती तेव्हाही.

मी नंबर उतरवून घेतला. हे नियमात बसणारं नव्हतं. नोकरीत असताना नियमाच्या आड उभा राहिलो होतो, तेव्हा निवृत्त झाल्यावर एक मोडला तर मोडला. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवरून फोन केला. तिच्या नवऱ्यानं उचलला, मग तिला दिला. मी कोण ते सांगितलं. मृत्यूची बातमी द्यायची पोलिसांना सवय असते. आवाज कसा ठेवायचा, किती थांबायचं, हे जमून जातं. त्या दिवशी जमलं नाही. तिला आईचं काहीच कळलेलं नव्हतं.

मग ती बोलू लागली. मराठी तिचं अजून सोलापूरचंच होतं, फक्त आईला ती कन्नडमधून ‘अव्वा’ म्हणत होती.

"मी गुरुवारी खातं उघडायला बघितलं, काका. पासवर्ड चुकीचा दाखवत होता. चार वेळा टाकला. अव्वाला पासवर्ड बदलता येत नव्हता, मला ठाऊक होतं. म्हटलं, भावाकडून बदलून घेतला असंल. म्हणजे तिलाच नको झाली मी. तरी रविवारी दारात उभी राहिले. पोरीला नवा फ्रॉक घातला होता. दहा मिनिटं. सगळ्या म्हाताऱ्या बायकांकडं बघत होते. मग गाडी हलली. नंतर मी पण शोधलं न्हाय तिला. रागानं. इतकी वर्षं मी रागात काढली."

"पासवर्ड त्यांनी नव्हता बदलला," मी म्हणालो. "मी बदलला होता."

माझं सगळं सांगून झाल्यावर तिनं मला दोष दिला नाही. तिनं एवढंच विचारलं, "माझं ते शेवटचं वाचलं होतं का अव्वानं? गाडीचं?"

"वाचलं होतं."

"मग काय लिहिलं होतं खाली?"

"‘बर्तीनी’ लिहिलं होतं. येते."

तिनं फोन ठेवला नाही. पलीकडे एक लहान मुलगी काहीतरी विचारत होती, तेलुगूत असावं. मला शब्द कळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साक्ष दिली. बचावाच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, तपासात आपल्याकडून काही त्रुटी राहिली, असं आपल्याला वाटतं का? अशा प्रश्नाला आम्ही ठरलेलं उत्तर देतो. ‘राहिली, असं म्हणणं खरं नाही.’ ते मी लगेच दिलं नाही. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग मी म्हणालो, "होय, राहिली. पण तिचा या आरोपीशी संबंध नाही." सरकारी वकील चमकले. न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला तसंच घालायला सांगितलं.

महिन्यानं लेक सोलापूरला आली, नक्कल मिळवण्याचा अर्ज घेऊन. अर्ज मीच लिहून दिला होता. ती पानं आईची आणि तिची होती, त्यांच्या प्रती तिला मिळायला हव्या होत्या. शिक्का मारलेली पानं घेऊन ती न्यायालयाच्या बाकावर बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली. मी आणि हवालदार दूर उभे होतो. तरुण अधिकाऱ्यांना मी आता एकच गोष्ट सांगतो. कुणाचंही दार सील करण्याआधी पलीकडून कोण येणार आहे ते विचारा, आणि ते विचारायचं तर आधी ओरडणं थांबवा. त्यांना ते सोपं वाटतं, मान डोलावतात. मलाही कुणी सांगितलं असतं तर मीही डोलावली असती.

वाचता वाचता ती मध्येच हसली, बहुधा शेंगाचटणीचं पान असावं. शेवटच्या पानाशी ती आली, तेव्हा मी तिथून निघून गेलो. ते बघायचा अधिकार मला नव्हता.